सुरतेत पाहिलेला प्राणवायू

मी सुरतेला गेले ती एक पायडल पोचवायला. सावंतवाडीत आमचा लाकडी खेळण्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराची मागची पडवी, एक जुनी लेथ, कामाला येणाऱ्या दोन बायका आणि मी. भातुकली, बैलगाड्या, डोलणारे घोडे असलं काहीबाही आम्ही करतो. आमच्या खेळण्यांत खिळा नसतो. पोरं सगळं तोंडात घालतात म्हणून वडलांनी लावलेली ती शिस्त. सांधा बसवायचा आणि लाकडाचीच खुंटी मारायची.

माझ्या बहिणीची मुलगी केतकी सुरतेत असते. ती भौतिकशास्त्र शिकली आणि आता एमआरआय यंत्रावर संशोधन करते. थंडीच्या सुरुवातीला तिचा फोन आला.

"मावशी, लोखंडाचा कणसुद्धा नसलेलं एक पायडल करून देशील? माणूस उताणा झोपेल आणि पावलाने ते दाबत राहील. पुढे दाबायचं, सोडायचं. मजबूत हवं."

"कशासाठी?"

"पोटरीच्या स्नायूला प्राणवायू किती मिळतो ते बघायचंय."

प्राणवायू बघायचा, असं ती पाणी बघायचं म्हणाल्यासारखं सहज म्हणाली. मी हो म्हटलं, कारण भाचीला नाही म्हणायची मला सवय नाही. आधी तिने प्लास्टिकचं एक पायडल करवून घेतलं होतं. ते पहिल्याच रविवारी एका दणकट माणसाच्या पायाखाली तडकलं. यंत्र रोज रोग्यांसाठी चालू असतं. ते ज्या तपासणी केंद्रात आहे त्याने तिला दोनच रविवार सकाळचे दिले होते, त्यातला एक असा फुकट गेला. दुसऱ्या रविवारी पायडल नसेल तर सगळंच काम लांबणीवर पडणार होतं.

भावाच्या आवारातला फणस चार वर्षांपूर्वी पाडला होता. त्याच्या फळ्या पडवीत वाळत होत्या. त्यातली एक चांगली पिवळीधमक निवडली, आठ दिवस खपून पायडल केलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि गाडीत बसले.

शुक्रवार

सुरतेत उतरले तेव्हा हवेत गारवा होता. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढायची, दहाला पुन्हा घाम. इथे लोक स्वेटर घालून रस्त्यावर उभे राहून नाश्ता करत होते. केतकीने मला तसंच एका गाडीसमोर उभं केलं आणि हातात लोचोची बशी दिली. वाफाळलेलं, मऊ, चमच्याने उचलताना ढासळणारं बेसन, वर तेल, शेव, कांदा. नाव ऐकून मी हसले होते, पण दुसरी बशी मीच मागितली.

त्या केंद्रात पोचल्यावर केतकीने आधी मला यंत्राच्या खोलीच्या दाराबाहेर थांबवलं. तिने खिशातून एक छोटं चुंबक काढलं. दोऱ्याला बांधलेलं होतं. पायडल टेबलावर ठेवून ती ते चुंबक लाकडावरून हळूहळू फिरवू लागली. मी मनातल्या मनात हसत होते. तीस वर्षांत माझ्या हातून एक खिळा गेलेला नाही.

डाव्या कोपऱ्याशी दोरा एकदम ताणला आणि चुंबक टक् करून लाकडाला चिकटलं.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातातून चुंबक घेतलं, सोडवलं, पुन्हा नेलं. पुन्हा तिथेच चिकटलं. तेव्हा मला आठवलं की त्या फणसाला फार वर्षांपूर्वी कुणीतरी कंदील अडकवायला खिळा ठोकला होता. डोकं केव्हाच गंजून पडलं असेल. उरलेला खिळा झाडाने आत घेतला, वर साल धरली, लाकूड वाढवलं. माझ्या करवतीला तो बोटभर अंतराने चुकला होता.

"आत नेलं असतं तर?" मी विचारलं.

"ते चुंबक कधी बंद नसतं, मावशी. पायडल हातातून ओढून नेऊन यंत्राच्या तोंडावर आपटलं असतं. मध्ये कुणाचा पाय असता तर..."

फळी मुख्य होती. ती काढली तर पायडलात काही उरत नव्हतं. मला इतकी शरम वाटली की मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. केतकी रागावली नाही. तिने फक्त रविवारच्या माणसांना फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन सुकलालभाऊ नावाच्या माणसाला. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं.

"भाऊ, रविवारचं बहुतेक होणार नाही. पायडलाचं लाकूड बिघडलंय. नवीन सुकं लाकूड उद्यापर्यंत कुठून आणू?"

पलीकडे कसलातरी खडखडाट चालू होता.

"ताई, लाकूड मी देस," तो म्हणाला. "पन माले रद्द करू नका."

शनिवार, उधना

केतकीने वाटेत मला त्याच्याबद्दल सांगितलं. सुकलालभाऊ धुळे जिल्ह्यातला. पंचवीसेक वर्षं सुरतेत यंत्रमागावर. तिच्या अभ्यासात दोन प्रकारची माणसं होती, उभ्याने काम करून पोटऱ्या दुखतात अशी आणि दुखत नाहीत अशी. सुकलालभाऊ दुखणाऱ्यांत. दोन वर्षं तो सांगत होता की चालताना उजवी पोटरी दगडासारखी होते. एक्स-रे काढले, रक्त तपासलं, काही सापडलं नाही. शेठने त्याला मागावरून काढून बसून दोरा गुंडाळून कांड्या भरायच्या कामाला लावलं होतं, आणि कारखान्यातले लोक म्हणत की याने बरा आराम मिळवला.

इतर माणसांच्या मांडीला पट्टा आवळून, थोडा वेळ रक्त अडवून, मग सोडून बघायचं होतं. पण सुकलालभाऊची तक्रार ऐकून अभ्यासातल्या डॉक्टरांनी त्याला पट्टा बांधायला मनाई केली होती. त्याच्या पायाचं जे काही दिसणार ते पायडलावरच.

तो उधना या मागांच्या वस्तीच्या कोपऱ्यावर उभा होता. पन्नाशीचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, गालात तंबाखू. मला 'ताई' म्हणून त्याने माझी अवजारांची पिशवी घेतली. केतकी तिच्या कामाला गेली आणि आम्ही दोघं चालू लागलो.

त्याला साड्यांची फार आवड दिसली. प्रत्येक चौथ्या-पाचव्या दुकानाशी तो थांबायचा, काचेतल्या साडीकडे बघायचा, "ह्याचा काठ बघा ताई," म्हणायचा. मी बघायचे. मग पुढे. पुन्हा दुकान, पुन्हा काठ. पाचव्यांदा थांबलो ते दुकान बंद होतं. शटरकडे बघत उभ्या असलेल्या त्या माणसाच्या कपाळावर मला थंडीत घाम दिसला.

"भाऊ, पाय दुखतोय का?"

"दोन मिनिटं उभं राहिलं की जातं," तो म्हणाला. "रस्त्यात नुसतं उभं राहिलं तर लोक बघतात. म्हणून दुकान."

मागांचं दालन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दारात पाऊल ठेवलं आणि आवाज कानाआधी छातीत शिरला. लांबच लांब रांगा, प्रत्येक मागावर कापड बोटाबोटाने पुढे सरकतंय, आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळांतून माणसं येरझाऱ्या घालताहेत. कुणी बसलेलं नाही. सुकलालभाऊ माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला की एका पाळीत माणूस गावाकडच्या शेजारच्या बाजारापर्यंत जाऊन येईल इतका चालतो, पण राहतो इथेच. तेवढ्यात माझी पर्स खांद्यावरून तिरकी झाली आणि जवळच्या मागाच्या पायाला जाऊन चिकटली. लाकूड तपासायला घेतलेलं केतकीचं चुंबक तिच्यात होतं. दोन कामगारांनी हसत ती ओढून काढून दिली.

मागच्या अंगणात जुने धोट्याचे माग मोडून टाकलेले होते. धोटा म्हणजे दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. ती जिच्यावरून धावायची ती लांब फळी अजून शाबूत होती. मी नखाने खरवडली, वास घेतला. कुठलं लाकूड ते मला आजही सांगता येणार नाही, पण इतकं घट्ट, इतकं सुकलेलं की ठोकल्यावर मातीच्या पक्क्या घड्यासारखं वाजलं. वर्षानुवर्षं धोटा घासून त्याला आरशासारखी चकाकी आली होती. बोल्टची भोकं होती, बोल्ट नव्हते. मी चुंबक दोऱ्याला टांगलं आणि सावकाश सगळ्या लांबीवरून फिरवलं. दोरा सरळ राहिला.

सुकलालभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चालेल," मी म्हटलं.

त्याने ती फळी खांद्यावर घेतली. घरी जाताना मीच दुकानांशी थांबत होते.

त्यांच्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर. बायको विमलबाई गॅलरीत बसून पोळपाटाएवढ्या चौकटीवर साडीचा काठ ताणून टिकल्या चिकटवत होती. कोकणातून आलेली पाहुणी म्हणून तिने मला घरातली एकुलती खुर्ची दिली. मी जमिनीवरच बसले, कारण लाकूड पायाखाली धरल्याशिवाय मला काम करता येत नाही. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. आमच्याकडे नारळाशिवाय पान हलत नाही, तिथे सगळा भार शेंगदाण्यावर. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. विमलबाईने न बोलता माझ्या भाकरीवर चमचाभर तेल सोडलं आणि ठेच्यात मिसळायची खूण केली. मग जमलं.

जेवताना तिने मन मोकळं केलं. नवरा समोर बसलेला असतानाच.

"घरचं पानी आणायला सांगितलं तर पाय दुखतो," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बोट करून, "पानटपरीवर जावाले याना पाय बरा चालस."

सुकलालभाऊने भाकरीचा तुकडा मोडला. पानटपरी खालीच होती, जिना उतरला की. तो ते सांगू शकला असता. माझ्या लक्षात आलं की त्याने ते पूर्वी पुष्कळदा सांगितलं असणार.

दुपारभर मी कापलं, रंधा मारला, पटाशीने खाचा घेतल्या. सुकलालभाऊ फळी धरायला. त्याचे हात कामात मुरलेले होते, मी बोलायच्या आत लाकूड फिरवायचा. पायडल ज्या दांड्यावर हलायचं तिथे लाकडाला लाकूड घासून करकरलं असतं. त्याने मागाच्या सुट्या भागांतून पांढऱ्या नायलॉनचे दोन ठोकळे आणून दिले. त्यांना गिरमिटाने भोकं पाडली आणि दांडा त्यांत असा बसला की आवाजच गेला. ताणासाठी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. खुंट्या बांबूच्या. शेवटी मी एकेक बोट जागा पुन्हा चुंबकाखालून काढली. विमलबाईसुद्धा टिकल्या सोडून बघायला आली.

सुकलालभाऊने आडवा होऊन पाऊल लावलं आणि दाबून पाहिलं. पंधरा-वीसदा दाबल्यावर त्याचा चेहरा आवळला. तो थांबला आणि छताकडे बघत राहिला. विमलबाई उठून आत गेली.

रविवार सकाळ

मी देवळात गेले तरी इतकं उतरवून ठेवत नाही. बांगड्या, मंगळसूत्र, केसातले आकडे, साडीची पिन. शेवटी साडीसुद्धा, कारण निरीतल्या एका पिनेचा मला विसर पडला होता आणि केतकीने तिसऱ्यांदा विचारल्यावर ती सापडली. केंद्राचा पायजमा-सदरा घालून मी आत गेले. ज्यांच्या पोटऱ्या दुखत नाहीत अशांत मी होते. पायडल नीट चालतंय का हेही आधी माझ्यावरच बघायचं होतं.

यंत्र चालवणारे जिग्नेशभाई. त्यांनी माझे पाय आत सरकवले, पोटरीभोवती पिंजऱ्यासारखं काहीतरी बसवलं, मांडीला पट्टा बांधला, कानांत बोळे घातले. "बेन, हलशो नहीं," म्हणाले आणि बाहेर गेले. माझं डोकं बाहेरच होतं, त्यामुळे जीव घाबरला नाही. मग ठोके सुरू झाले. आदल्या दिवशीच्या मागांनी माझी तयारी करून घेतली होती, नाहीतर मी उठून पळाले असते.

मांडीवरचा पट्टा फुगला. पाच मिनिटं. पाऊल आधी गार पडलं, मग जड झालं, मग माझं नसल्यासारखं वाटू लागलं. पट्टा सुटला तेव्हा मांडीपासून बोटांपर्यंत काहीतरी ऊन ऊन उतरत गेलं. त्यानंतर पायडल. केतकीच्या आवाजाच्या तालावर दाबायचं, सोडायचं, ती थांब म्हणाली की एकदम निश्चल. पाय हलत असताना चित्र निघत नाही, थांबल्याबरोबर निघतं. आमचं पायडल करकरलं नाही, सरकलं नाही. पाय आत होता, मला काही दिसत नव्हतं, पण खुंट्या बसल्या आहेत हे तळपायाला कळत होतं.

बाहेर काचेमागच्या खोलीत केतकीने मला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर माझा पाय दाखवला.

माझ्या धंद्यात ओंडका आडवा कापल्यावर त्याचं तोंड बघायची सवय असते. वय कळतं, वाढ कळते, कुठल्या अंगाला ऊन लागलं तेही कळतं. पडद्यावर तसंच तोंड होतं. कडेला चरबीचा पांढरा वेढा, मध्ये दोन हाडांच्या काळ्या कडा, एक जाड, एक काडीसारखी, आणि त्यांच्याभोवती करड्या पुड्या एकमेकींना खेटून बसवल्यासारखे स्नायू. सांधा इतका नेमका की कुठे सुई जाणार नाही. हा माझाच पाय होता आणि मी त्याच्यावर चालत तिथवर आले होते.

"आता बघ," केतकी म्हणाली. "डोळ्यांना फरक कळणार नाही इतका तो बारीक असतो. संगणक तो वाढवून दाखवतो."

चित्रं एकामागून एक सरकू लागली. पट्टा आवळला त्या क्षणापासून पोटरी हळूहळू काळवंडत गेली. संध्याकाळी परसात उजेड जातो तशी, कुठून सुरुवात झाली ते न कळता. खाली तोच उजेड मोजणारी एक रेघ उतरत होती. मग पट्टा सुटला. मला आतमध्ये ऊन वाटलं होतं तो हाच क्षण. सगळा करडा भाग उजळला, पूर्वीपेक्षाही जास्त उजळला, आणि मग निवत निवत मूळच्या रंगावर आला.

बावन्न वर्षं हे माझ्या आत चाललं होतं. जिना चढताना, लेथ पायाने फिरवताना, पोरांच्या मागे धावताना. मला कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला सांगितलं नाही.

"पण दिसतं कसं?" मी विचारलं. "वारा कसा दिसेल?"

"वारा दिसत नाही. रक्तात लोह असतं ना, त्यावरून कळतं. त्या लोहाने प्राणवायू धरलेला असला की चुंबकाला त्याचा त्रास होत नाही. प्राणवायू स्नायूला देऊन टाकला की तेच लोह आसपास चुंबकाचा घोळ करतं, आणि तेवढी जागा काळी पडते."

"मग मला ओढून कसं नाही घेतलं? माझ्यात लोखंड आहे तर."

केतकी हसली. "खिळ्यात लोखंडाचे कण एकत्र असतात, एकमेकांना धरून. रक्तात ते सुटे सुटे, एकेकटे बांधलेले असतात. ओढ लागत नाही, फक्त चाहूल लागते."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. चाहूल हा शब्द तिने बरोबर निवडला होता.

मग सुकलालभाऊ आत गेला. तंबाखू थुंकून, तोंड धुऊन, केंद्राचा सदरा घालून तो एकदम लहान दिसायला लागला. घरचं माणूस आणायला सांगितलं होतं म्हणून विमलबाई आली होती आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. तिला आत बोलवायचं का, असं केतकीने त्यालाच विचारलं, आतल्या माइकवरून. चित्र त्याचं होतं.

थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "दाखाडा तिले. सर्व दाखाडा."

विमलबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. केतकीने ताल धरला आणि काचेपलीकडे, यंत्राच्या मागच्या तोंडातून, पावलं हलताना दिसू लागली. दाब, सोड. माझ्यापेक्षा अर्ध्या वेळातच त्याच्या दाबण्याचा जोर कमी झाला. केतकी म्हणाली, "भाऊ, झेपत नसेल तर थांबा." तो थांबला नाही. तिने सांगितलेला वेळ पुरा केला, मग ती थांबा म्हणाली आणि सगळं निश्चल झालं.

पडद्यावर दोन रेघा होत्या. वरची माझी, पायडल थांबवल्यावर झरकन चढलेली. खालची त्याची. ती चढत नव्हती. चित्रातली त्याची पोटरी, विशेषतः मागचा भाग, काळाच राहिला होता. आम्ही थांबलो. जिग्नेशभाई पुढे वाकले. माझी रेघ जेवढ्या वेळात वर जाऊन निवून खाली आली होती तेवढा वेळ गेला, आणि त्याची कुठे आत्ता हलायला लागली होती.

"हाई आजून अंधारंच कसं शे?" विमलबाई म्हणाली.

केतकी तिच्याकडे वळली. "काकू, मी डॉक्टर नाही. हा तपासणीचा रिपोर्टही नाही, अभ्यासातलं चित्र आहे. पण त्यांच्या पोटरीला चालल्यावर लागतो तेवढा प्राणवायू वेळेवर पोचत नाहीये असं दिसतंय. का ते डॉक्टर बघतील. मी आजच त्यांना दाखवते."

"म्हणजे दुखतं ते..."

"दुखणारच. श्वास कोंडल्यावर छाती दुखते तसं."

विमलबाईने पदर तोंडाशी नेला. ती रडली नाही. काचेजवळ गेली आणि पलीकडे, यंत्राच्या तोंडातून दिसणाऱ्या त्या दोन पावलांकडे बघत उभी राहिली. पडद्यावरची रेघ एव्हाना हळूहळू चढून जागेवर आली होती. अर्धं जग ओलांडून यावं तशी ती आली.

त्या सकाळी आणखी चार माणसं झाली. पायडल टिकलं. शेवटचा माणूस पहिलवानासारखा होता, त्याच्या वेळी मी देवाचं नाव घेत होते.

सोमवार आणि तापी

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सुकलालभाऊला बोलावलं. त्यांनी आधी काही यंत्र लावलं नाही. त्याच्या उजव्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ नाडी शोधली. डाव्या पावलावर ती लगेच लागली. मग सोनोग्राफी झाली, आणि मांडीतली रक्तवाहिनी आतून अरुंद झाल्याचं निघालं. सांगायचं ते त्यांनी साध्या हिंदीत सांगितलं. गोळ्या रोज. तंबाखू आजपासून बंद. आणि चालायचं. दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, गेलं की पुन्हा चालायचं. अशाने शरीर आजूबाजूने नव्या वाटा काढतं. सहा महिन्यांत उतार पडला नाही तर पुढचा उपाय बघू.

"थांबायचं म्हणजे लपून नाही," डॉक्टर म्हणाले. बहुतेक केतकीने त्यांना साड्यांच्या दुकानांचं सांगितलं असावं.

सुकलालभाऊने खिशातली पुडी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि त्यांच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकली. ती बायकोने टाकायला लावली असती तर जास्त सोपं गेलं असतं, निदान तिच्यावर चिडता आलं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

माझी गाडी रात्रीची होती. हाताशी दुपार होती म्हणून विमलबाई म्हणाली, तुम्ही पोंक खाल्ल्याशिवाय जाऊ नका. पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हिरवा हुरडा. थंडीत तापीच्या काठी त्याच्या गाड्या लागतात. वर लिंबाची आणि मिऱ्याची शेव, खाली कागद. हुरडा मी घाटावर पूर्वी खाल्ला होता, पण तो शेतात बसून, आगीशेजारी, हाताने चोळून. इथे नदीवरच्या वाऱ्यात उभं राहून, पुड्यातून, गाड्यांच्या हॉर्नमध्ये. दाणे दुधाळ होते आणि दातांखाली फुटत होते. मी दोनदा घेतला. सुकलालभाऊ सारखा गालात जीभ फिरवत होता आणि पोंकाचे दाणे एकेक करून चघळत होता.

तापी मला मोठी वाटली. आमच्या नद्या डोंगरातून उतरून समुद्रात जायच्या घाईत असतात. ही दूरवरून, त्यांच्या खानदेशातून चालत आलेली, रुंद, संथ. सुकलालभाऊ म्हणाला की त्याच्या गावाजवळूनही हीच जाते. लहानपणी तो तिच्यात पोहायचा. इतक्या वर्षांत इथे तिच्या काठी फिरायला मात्र आला नव्हता.

"मग चला," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

आम्ही काठाच्या फरसबंदीवरून निघालो. तो मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. माणसं फुगे घेऊन, पोरं घेऊन फिरत होती. कठड्याच्या अलीकडे दुकानं नव्हती. काच नव्हती, साडी नव्हती, बघायला नदीशिवाय काही नव्हतं. पन्नाससाठ पावलांवर त्याची चाल लंगडली. तरी तो आणखी थोडा पाय ओढत गेला. थांबा, असं मी म्हणायचं नव्हतं.

विमलबाई थांबली.

"दुखस का?" तिने विचारलं.

तो नदीकडे बघत होता. दोन वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं, असं तिनेच मला नंतर स्टेशनवर सांगितलं.

"दुखस," तो म्हणाला.

"मंग थांबूत," ती म्हणाली, आणि कठड्याला टेकून त्याच्याशेजारी उभी राहिली.